हिवाळ्यात कोकणातल्या खाडीत कयाकवरून गरवायला जायचंय? मग निघायच्या आधी हे वाचा

दिवाळी संपली की दरवर्षी ओळखीतल्या दोनतीन जणांचे तरी फोन येतात, कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी) घेतलीये किंवा घ्यायचीये, खाडीत मासे गरवायचेत, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला तेच सांगत बसतो म्हणून यावेळी सगळं एकदाच लिहून काढतोय. माझ्या मामाचं गाव वाघोटन खाडीवर, विजयदुर्गच्या आतल्या बाजूला. तिथे गेले सहा हिवाळे मी कयाक घेऊन जातोय, त्यामुळे जे लिहितोय ते मुख्यतः रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खाड्या आणि आडोशाची बंदरं डोळ्यासमोर ठेवून. उघड्या समुद्रात जायचं असेल तर हे पुरणार नाही.

नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो की मासा कुठे लागतो. तो प्रश्न दुसरा. पहिला हा, की तुम्ही परत किती वाजता येणार आणि तेव्हा पाणी आणि वारा कुठल्या बाजूला असेल. हे घरून निघताना ठरलेलं नसेल तर कितीही भारी रॉड असला तरी जाऊ नका.

१. आधी वारा समजून घ्या

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, इथे तेच कामाला येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोकणात पहाटे मतलई सुटलेला असतो, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे, आणि तो साधारण दहा-साडेदहापर्यंत टिकतो. मग मध्ये थोडा वेळ वारा पडतो. बारा वाजले की खारा वारा सुरू होतो, समुद्राकडून, आणि दुपारी दोननंतर तो चांगलाच जोर धरतो.

गंमत अशी वाटते की सकाळी पाणी आरशासारखं असतं. पण ते किनाऱ्याजवळच तसं असतं, कारण वारा जमिनीवरून येतो आणि लाट उठवायला त्याला पुरेसं पाणीच मिळालेलं नसतं. तुम्ही गरी टाकून बसता, कयाक हलकी, पाठीवर वारा, अर्ध्या तासात अर्धा किलोमीटर लांब गेलेले असता आणि कळतही नाही. मग वळून बघता तर वारा तोंडावर आणि लाट कमरेत मारायला लागलेली. हिवाळ्यातला हा सगळ्यात मोठा धोका आहे, पावसाळ्यासारखा तो दिसत नाही म्हणूनच जास्त. म्हणून नेहमी आधी वाऱ्याच्या तोंडाला वल्हवत जायचं, येताना वारा पाठीवर घ्यायचा.

अजून एक, हिवाळ्यात कधीकधी इराणच्या आखाताकडच्या शमाल वाऱ्याने उठलेल्या लाटा वायव्येकडून आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात. इथे वारा नसतो, आकाश स्वच्छ असतं आणि तरी खाडीच्या मुखावर लाटा फुटत असतात. त्यासाठी आदल्या रात्री इन्कॉइसचा, म्हणजे हैदराबादच्या समुद्र माहिती केंद्राचा अंदाज बघा, आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा पण.

२. भरतीचं गणित, तिथीची पाऊणपट

मोबाईलवर भरतीची ॲप्स आहेत, वापराच, पण हे गणित डोक्यात ठेवा कारण खाडीत आत गेलं की रेंज जाते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी पण आणि पहाटे पण. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच. थोडंफार इकडेतिकडे होतं, आणि खाडीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, हे लक्षात ठेवायचं.

आता हिवाळ्याच्या सकाळसाठी कुठली तिथी चांगली? मला विचाराल तर एकादशी आणि द्वादशी. एकादशीला सव्वाआठला भरती पूर्ण होते, द्वादशीला नऊला. जानेवारीत उजाडायलाच सात वाजतात. तर द्वादशीला सातला पाण्यात उतरायचं, शेवटचे दोन तास भरती तुम्हाला खाडीच्या आत ढकलते, समोरून मतलई येत असतो पण पाणी मदतीला असतं. नऊला पाणी थांबतं. साडेनऊपासून सुकती, म्हणजे ओहोटी लागते, ती तुम्हाला हळूहळू परत आणते, आणि खारा वारा सुटायच्या आत, अकरालाच, तुम्ही धक्क्यावर. वारा आणि पाणी दोन्ही हिशोबात बसतात असे महिन्यात मोजके चारपाच दिवस मिळतात, सुट्टी त्याप्रमाणे काढा.

पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पहिल्या वर्षी जाऊच नका. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, मालवण-गोव्याकडे दोन मीटरच्या आसपास, पण खाडीच्या चिंचोळ्या भागात तेवढ्यानेही ओढ जबरदस्त होते. आपण निवांत वल्हवतो तेव्हा ताशी चार-पाच किलोमीटर जातो, उधाणाची सुकती तेवढ्याच वेगाने बाहेर जात असेल तर तुम्ही जागच्या जागी वल्हवत राहणार. आणि ओढ सगळा वेळ सारखी नसते, सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासाला सगळ्यात जास्त. पुलाखालून किंवा मुखाजवळून जायचं असेल तर ते दोन तास टाळा.

३. जागा निवडताना

पहिली जागा मुखापासून आत दोनतीन किलोमीटर असावी, दोन्ही काठ दिसायला हवेत, आणि चुकून वाहून गेलात तरी कुठेतरी काठाला लागाल अशी हवी. विजयदुर्ग, जयगड, दाभोळ, आचरा, कर्ली, सगळीकडे अशा जागा आहेत. पण जायच्या आधी गावात जा. मच्छीमार सोसायटीत जाऊन नमस्कार करा, सांगा की हौसेने रॉडवर गरवतो, विकत नाही, जाळं टाकत नाही, कुठे गेलेलं चालेल. मी पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं आणि दोनदा लोकांनी रागाने हाकललं, त्यांचं बरोबर होतं, माझा गळ त्यांच्या जाळ्यात अडकला होता. आता तेच लोक मला सांगतात की काल तांबोशी कुठे होती.

तिथेच परवाना-परवानगीचं पण विचारून घ्या, आणि जवळच्या बंदर कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे एकदा जाऊन या. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी होडीकडे संशयानेच बघतात, ते योग्यच आहे.

काही जागा सरळ बाद. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे. नौदल, मोठी बंदरं, जहाजांची वाट, तिकडे फिरकू नका. चिपळूणकडे वाशिष्ठीत मगरी आहेत, गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात पण आहेत, तिथे कयाकवरून हातपाय पाण्यात सोडून बसायची जागा नाही.

आणि डोलीचे खुंट. खाडीत जाळी बांधायला खांब रोवलेले असतात, भरतीत बरेचसे बुडतात. पाण्याच्या ओढीत कयाक आडवी होऊन खुंटाला टेकली तर पाणी तिला तिथेच दाबून धरतं आणि उलटवतं. तसं झालंच तर माणूस घाबरून खुंटापासून लांब झुकतो, तीच चूक, खुंटाच्या बाजूला झुकायचं. पण खरं म्हणजे ओहोटीला एकदा काठावरून चालत जाऊन खुंट कुठे आहेत, खडक कुठे आहेत ते बघून, फोटो काढून ठेवा. अर्धी खाडी तेव्हाच समजते, मासे कुठे बसत असतील ते पण.

४. कयाक कुठली

वर बसायची घ्या, आत पाय घालून बसायची नको. आपल्याकडचं पाणी हिवाळ्यातही कोमट असतं त्यामुळे भिजायची भीती नाही, आणि वर बसायची उलटली तर त्यात पाणी भरत नाही, तळाच्या भोकांमधून निघून जातं. लांबी दहा-बारा फूट, रुंदी जरा जास्त. हवा भरायची कयाक खाडीसाठी मला पटत नाही, कालवांनी भरलेला एक खडक पुरे होतो.

सेकंडहँड घेणार असाल तर एक करा, रात्री किंवा अंधाऱ्या खोलीत झाकण उघडून पेटलेली टॉर्च आत ठेवा आणि बाहेरून बघा. जिथे चीर आहे तिथून उजेडाची बारीक रेघ दिसते. भोकांच्या कडा आणि सीटखालचा भाग नीट बघा, तिथेच जास्त जातात. मी घेतलेली पहिली कयाक अशी न बघता घेतली होती, तासाभराने जड वाटायला लागली, काठावर आणून बूच काढलं तर बादलीभर पाणी निघालं.

५. उलटणं आणि परत चढणं, हे आधी शिका

हा भाग लोक टाळतात. गुडघाभर पाण्यात बसून दोन फेऱ्या मारतात आणि म्हणतात जमलं. नाही जमलं. कमरेच्या थोडं वर पाणी असेल अशा ठिकाणी, सोबत कोणीतरी उभं असताना, लाईफ जॅकेट घालून मुद्दाम उलटा. मग असं करायचं:

कयाक पालथी असेल तर पलीकडची कड धरून आपल्याकडे ओढून सरळ करा. मग सीटच्या बाजूला या, दोन्ही हात आडवे टाका, पाय मागे पाण्याच्या वर आणा, पोहताना मारतो तसे जोरात मारा आणि पोटावर सरकत कयाकवर आडवे पडा, बेंबी मधोमध येईपर्यंत. घाईने उठून बसू नका, परत पडाल. आधी वळून पाठीवर या, ढुंगण सीटमध्ये बसवा, मग पाय आत घ्या. पाय उभे खाली लोंबकळत ठेवले तर ते कयाकच्या खाली जातात आणि चढणं अशक्य होतं, म्हणून पाय आधी वर.

हे दहा वेळा करा, शेवटचे दोन वेळा खोल पाण्यात. रॉड, डबे काही न घेता. ज्याला हे जमत नाही त्याने गरवायला जाऊ नये असं मी स्पष्ट सांगतो, राग आला तरी चालेल.

लाईफ जॅकेट घालायचं, मागे बांधून ठेवायचं नाही. बोटिंगवाले देतात ती केशरी जाडजूड नको, तिच्यात वल्हवताच येत नाही म्हणून माणूस काढून ठेवतो. खांदे मोकळे राहणारं घ्या.

६. सोबत काय काय

अंगावर: फुल बाह्यांचा ड्रायफिट टीशर्ट, वर पातळ विंडचीटर, दोरीची टोपी, जुने कॅनव्हासचे बूट. कोकणात कसली थंडी म्हणून लोक सुती टीशर्ट आणि जीन्स घालून येतात. पहाटे भिजलेला सुती कपडा आणि मतलई वारा, अर्ध्या तासात दात वाजतात आणि बोटांना गाठ मारता येत नाही. अनवाणी तर अजिबात नको, कालवाची धार ब्लेडसारखी लागते आणि जखम लवकर भरत नाही.

सुरक्षेसाठी: शिट्टी गळ्यात, मोबाईल पाण्याच्या पाऊचमध्ये आणि अंगाला बांधलेला, हेडलॅम्प, दोरी कापायला सुरी हाताशी, पॅडलला दोरी, दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, आणि ११२. हे मोबाईलमध्ये सेव्ह करा आणि कयाकवर पक्क्या मार्करने घरच्यांचा नंबर लिहा.

कागद: आधारची लॅमिनेट केलेली कॉपी, कयाकच्या बिलाची कॉपी. आणि धक्क्यावर कुणालातरी सांगून जा, कुठे चाललो आणि किती वाजता येणार. मी मामीला सांगतो, साडेअकरापर्यंत फोन आला नाही तर ती शेजारच्या होडीवाल्या काकांना उठवते.

गरवायचं: साडेसहा-सात फुटी मध्यम रॉड, ३००० किंवा ४००० साईझची रीळ, २० पाऊंडची ब्रेड म्हणजे विणलेली दोरी, पुढे हातभर ३०-४० पाऊंडचा लीडर म्हणजे टोकाला जोडायची जाड दोरी. या दोन्ही जोडायला डबल युनी गाठ शिका, घरी शंभर वेळा मारा. साधा तंगूस (नायलॉनची दोरी) आणि शिसं घेऊन पण भरपूर मासे मिळतात, गावातली मुलं तसेच काढतात, त्यामुळे सामानाच्या खर्चात अडकू नका. पक्कड, लांब दांड्याची जाळी, मासा धरायची ग्रिप मात्र हवीच.

७. आता गरवणं

पावसाळ्याचा गढूळपणा गेलेला असतो, पाणी निवळलेलं, मासा बघून खातो. म्हणून हिवाळ्यात जिवंत कोळंबीसारखं काही नाही. पागवाल्याकडून, म्हणजे हाताने फेकायचं जाळं टाकणाऱ्याकडून, सकाळी सकाळी मूठभर घ्या. गरी लावताना कोळंबीच्या डोक्यात, शिंगाच्या खाली, आरपार बघितलं तर एक काळा ठिपका दिसतो, त्याच्या पुढून गरी घालायची. ठिपक्यात घातली की कोळंबी लगेच मरते, पुढून घातली तर बराच वेळ पाय हलवत राहते आणि मासा त्याच्याकडेच येतो. सर्कल हूक (टोक आत वळलेला गोल गळ) असेल तर झटका मारू नका, फक्त रीळ फिरवायला घ्या, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

कांदळवनाच्या मुळांपासून हातभर लांब, पुलाचे खांब, जुने धक्के, छोटा ओहोळ खाडीला मिळतो ती जागा. भरतीत पाणी मुळांमध्ये शिरतं तसा मासा आत जातो, सुकती लागली की ओहोळातून बाहेर येणाऱ्या कोळंब्या खायला तोंडावर येऊन थांबतो. भरतीचे शेवटचे दीड तास आणि सुकतीचा पहिला तास, बाकी वेळ पाणी प्या, खा. बोयी माशांचा थवा एकदम उड्या मारायला लागला तर खाली कोणीतरी मोठं आहे, तिथे लूर म्हणजे नकली आमिष टाका, सहा-नऊ सेंटीमीटरची मिनो (छोट्या माशासारखी) किंवा जिगवर, म्हणजे वजन लावलेल्या गळावर, सॉफ्ट प्लास्टिक.

लागतं काय, तर तांबोशी, पालू, गोबरा, शिंगटी, नशीब असेल तर जिताडा, ज्याला रत्नागिरीत खजुरी म्हणतात आणि गोव्यात चणक. तांबोशी गळ लागल्या क्षणी मुळांकडे पळते, पहिल्या तीन सेकंदात थांबवली नाही तर लीडर कालवांवर कापला जातो. कयाक हलकी असल्याने ती तुम्हालाच झाडीत ओढते. म्हणून रीळचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू न देणारा ब्रेक, आधीच घट्ट, आणि कयाकचं तोंड आधीच झाडीपासून बाहेर वळवून ठेवायचं, मग एका हाताने रॉड आणि दुसऱ्या हाताने पॅडलचे दोन फटके.

८. नांगर, इथेच माझी चूक झाली

दुसऱ्या हिवाळ्यात मी सुकती लागलेली असताना पुलाच्या खाली नांगर टाकला आणि दोरी सीटच्या शेजारच्या कडीला बांधली, कारण तीच हाताशी होती. दोरी ताणली, कयाक पाण्याला आडवी झाली, ओढ येत होती त्या बाजूची कड खाली गेली आणि मी पाण्यात. दोन सेकंद लागले असतील. रॉड गेला, डबा गेला, पॅडल दोरीला होतं म्हणून वाचलं. कयाक नांगराला धरून होती आणि ओढीत तिच्यावर चढता येईना, शेवटी सुरीने दोरी कापली आणि तिला मिठी मारून वाहत गेलो. एक काका होडी घेऊन आले, त्यांनी ओढून घेतलं, घोंगडी दिली आणि एवढंच विचारलं, "सुकतीच्या पाण्यात थंय कित्याक गेलंस रे?"

तर नांगराची दोरी नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकाला. त्यासाठी कयाकच्या कडेने कप्पीवर फिरणारी दोरी लावतात, अँकर ट्रॉली म्हणतात, ती बसवून घ्या. दोरीच्या मध्ये एक छोटा बोया आणि झटक्यात सुटणारा हूक हवा, म्हणजे काही झालं की दोरी सोडून देता येते आणि नंतर बोया बघून नांगर परत घेता येतो. पाण्याला जोर असेल तर नांगर टाकूच नका, पॅडलवर तरंगत गरवा.

९. मासा वर घेताना

जाळीतच घ्या, पायांच्या मध्ये ठेवा, ग्रिपने जबडा धरा, मग पक्कडीने गळ काढा. तांबोशीला सुळे असतात, जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड हात कापते. शिंगटीचा काटा सगळ्यात वाईट, पाठीवर एक आणि बाजूला दोन, तिला हात लावायच्या ऐवजी तंगूस कापून टाका. काटा लागलाच तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास ठेवायचा, दुखणं उतरतं, आणि मग डॉक्टर. पाकट आली तर वर घेऊच नका. केंड फुगून येतो, मुलांना मजा वाटते, पण तो विषारी, खायचा नाही, कुणाला द्यायचा नाही.

लहान मासा सोडून द्या. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिलेत, ती यादी मत्स्यव्यवसाय कार्यालयात मागा. सोडताना ओल्या हाताने धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. कासव दोरीत गुंतलं तर दोरी पूर्ण कापून मोकळं करा, हिवाळ्यात ती अंडी घालायला किनाऱ्याकडे येत असतात.

१०. परत आल्यावर

घरी आधी फोन करा, पोचलो म्हणून. मग कयाकचं बूच काढून आतलं पाणी बघा, किती निघालं ते लक्षात ठेवा, मागच्या वेळेपेक्षा जास्त असेल तर कुठेतरी चीर पडतेय. रीळचा ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, जोरात मारलं तर मीठ आत जातं. मग ड्रॅग सैल करून सावलीत वाळवा. गळ आणि पक्कड त्याच दिवशी धुवून पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवा, दुसऱ्या दिवसावर टाकलं की तांबेरा चढतो. आणि वहीत तिथी, वारा, किती वाजता काय लागलं ते लिहून ठेवा, पुढच्या द्वादशीला तीच वही काढून बसायचंय.